डेपोतला सिनियर

बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३ आहेत, विमानतळ एकही नाही. विमान पकडायचं तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. जिल्ह्याच्या गावाला रेल्वेसुद्धा नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं घाटाखाली राहिली. खामगाव-जालना रेल्वेची मागणी तर इंग्रजांच्या काळापासून इतक्या मायेनं जोपासली गेली आहे, की उद्या ती गाडी खरंच धावली तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होईल. तेव्हा प्रवाशांना जागेवर बसवणं, सामान वर ठेवायला लावणं, मळमळणाऱ्याला खिडकी मिळवून देणं आणि हे सगळं करताना चेहरा प्रसन्न ठेवणं, हे जे काम विमानात कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या मुली करतात, ते आमच्याकडे खाकीतले पन्नाशी उलटलेले गृहस्थ करतात. चेहऱ्याचा मुद्दा तेवढा वगळायचा.

एसटीच्या बुलढाणा विभागात सात आगारं आहेत, आणि प्रत्येक आगारात एक ‘सिनियर’ असतो. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या वर चार-सहा नावं असतीलही, पण ‘सिनियर’ म्हटलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडेच वळतात. त्याच्या बरोबरचे लोक परीक्षा देऊन वाहतूक नियंत्रक झाले, खिडकीच्या आत गेले. हा गेला नाही. विचारलं तर म्हणतो, “खिडकीत बसून दिवसभर ‘येईल, येईल’ म्हनाचं, याले तुम्ही बढती म्हनता? मी स्वतःच येतो न बाप्पा.”

त्याला ओळखायचं तर चेहऱ्याकडे बघू नये, डाव्या हाताकडे बघावं. नोटा लांबीत दुमडून बोटांच्या बेचक्यांत बसवलेल्या असतात. दहाच्या पहिल्या बेचक्यात, विसाच्या दुसऱ्या, पन्नास-शंभराच्या तिसऱ्या. पाचशेची नोट मात्र हातात राहत नाही, ती थेट आतल्या खिशात जाते आणि जाताना देणाऱ्याला दोन शब्द ऐकवून जाते. गाडी घाटात वळते तेव्हा बाकीचे दोन्ही हातांनी दांडा धरतात. सिनियर नुसती कंबर सीटच्या कडेला टेकवतो आणि हिशेब चालू ठेवतो. तिकिटाचा ट्रे आणि चिमटा जाऊन मशीन आल्याला बरीच वर्षं झाली, पण त्याच्या उजव्या हाताला अजून कुणी ते कळवलेलं नाही. मशीन कागद बाहेर काढेपर्यंत तो पेन दांड्यावर वाजवत राहतो, टक्-टक्, टक्-टक्, अगदी जुन्या चिमट्याच्या तालात. त्या आवाजानं झोपलेले प्रवासी आपोआप खिशात हात घालतात.

गाडीत ‘४४ बसून, ११ उभे’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं होळीच्या सुमाराची सैलानीची यात्रा पाहिली नसावी. १२ जानेवारीचं सिंदखेडराजा आणि शेगावचा प्रगटदिनही पाहिला नसावा. अशा दिवशी गाडीत किती माणसं आहेत हे फक्त सिनियरला ठाऊक असतं. मुंडकी मोजायची त्याची रीत वेगळी आहे. तो माणसं मोजतच नाही, गप्प बसलेली माणसं मोजतो. तिकीट घेतलेला प्रवासी बोलतो, भांडतो, पंखा नाही म्हणून तक्रार करतो. न घेतलेला खिडकीबाहेरच्या सोयाबीनकडे फार लक्ष देऊन पाहतो. “सोयाबीन पाहून झालं का भाऊ?” म्हणत सिनियर नेमका तिथंच जाऊन उभा राहतो. याला सहावं इंद्रिय म्हणा किंवा मधेच चढणाऱ्या तपासणी पथकाची भीती म्हणा. बिनतिकीट माणूस दंड भरून मोकळा होतो, कंडक्टरचा कागद मात्र डेपोत वर्षभर फिरत राहतो.

विमानात म्हणे सुटण्याआधी पट्टा कसा लावायचा, दार कुठं आहे, हे हातवारे करून दाखवतात आणि कुणी तिकडे पाहत नाही. सिनियरच्या सूचना सगळे ऐकतात, कारण त्या नाव घेऊन केलेल्या असतात. “ते लाल उपरणंवाले बाबा, हात आत घ्या, समोरून ट्रक येऊन राह्यला. बाई, लेकराले मांडीवर घे, त्याचं तिकीट नाही अन् सीट पुरी. कॉलेजवाले, मांगं सरका, मांगं काय वाघ हाये?” बोथ्याच्या घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणाऱ्या गाडीत हा शेवटचा प्रश्न जरा जपून विचारावा लागतो.

खरी परीक्षा सवलतींची. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास फुकट झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. गाड्या भरल्या ही चांगलीच गोष्ट. ज्या सुना माहेरी वर्षातून एकदा जायच्या त्या आता महिन्यातून एकदा जाऊ लागल्या, हे मी स्वतः पाहतो. सिनियरचं दुःख निराळं आहे. अर्ध्या तिकिटानं सुट्ट्या पैशांचा प्रश्न दुप्पट केला आणि आधार कार्डानं त्याला ज्योतिषी करून ठेवलं. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म एक जानेवारीचा आहे. ज्याला तारीख माहीत नव्हती त्याला आधारवाल्यानं ती देऊन टाकली.

“आजी, आधार दाखव.”

“पंच्याहत्तर पुरे झाले न रे मले, मांगच्या पोयाले.”

“कार्डात चौऱ्याहत्तरच हाये.”

“मंग त्या कार्डवाल्याले इचार. मी काय तारीख लिहून जन्माले आली?”

“हे पाय, बाई म्हनून अर्धं घे. म्हातारी म्हनून फुकट एक जानेवारीपासून. तवर जपून राह्य.”

“मी राह्यतो रे. तूच रिटायर होऊ नको.”

हे बोलणं ऐकून पुढची दोन बाकं हसतात. सिनियर हसत नाही, मशीनमधून निघालेला कागद आजीच्या बटव्यात स्वतःच्या हातानं कोंबतो, कारण मागच्या वेळी तिनं तो पानाबरोबर चघळला होता.

कामगिरी लावायची वेळ आली की सिनियरचा मूळ स्वभाव दिसतो. नव्या पोरांना पुण्याची गाडी मिळते, याला संग्रामपूर-जळगाव जामोदकडची सातपुड्याच्या पायथ्याची मुक्कामी गाडी. तो चौकशीच्या खिडकीसमोर उभा राहून सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणतो, “तीस वर्षं झाली, अन् अजून मलेच मुक्कामी?” कंट्रोलर शांतपणे म्हणतो, “बरं, पुण्याची देऊ?” यावर सिनियर घड्याळ पाहतो, पाण्याची बाटली भरतो आणि मुक्कामी गाडीत जाऊन बसतो. वर्षानुवर्षं हाच संवाद, शब्दही तेच. एकदा एका नव्या कंट्रोलरनं खरंच पुण्याची कामगिरी लावून टाकली, तर सिनियरनं रजा टाकली.

मुक्कामी गाडीत काय आहे ते त्या गाडीनं गेल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी गाडी सुटताना तिच्यात माणसांइतकंच सामान असतं आणि सामानाइतकेच निरोप. कुणाचं बी. पी.चं औषध, कुणाच्या चष्म्याची काडी जोडून आलेली, कुणाच्या पंपाचा रिपेअर केलेला पार्ट. सकाळी परत येताना डबे. तालुक्याच्या गावी खोली करून शिकणाऱ्या पोरांच्या आया पहाटे भाकरी थापून डबा आणून देतात आणि सिनियर ते ड्रायव्हरमागच्या जागेत ओळीनं लावतो. कुठला डबा कुणाचा हे झाकणाच्या पोच्यावरून त्याला कळतं. “ही काय हमाली हाये का? मी काय नोकर हाये का तुमच्या पोट्ट्यायचा?” हे तो रोज म्हणतो, आणि एखाद्या दिवशी एखादा डबा आला नाही तर गाडी दोन मिनिटं थांबवून दारातून ओरडतो, “पोरगं उपाशी ठेवता काय?” स्टँडवर उतरल्यावर डबा न्यायला आलेल्या पोराला आधी मार्क विचारतो, मग डबा देतो. नापास झालेल्यालाही देतो, पण जरा उशिरानं.

त्या गावात तो रात्री पंचायतीच्या ओट्यावर बसतो. कापसाला खामगावात काय भाव फुटला, जिल्हा बँकेचं काय झालं, भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पाऊस कसा निघाला, सगळं त्यालाच विचारतात. अक्षय तृतीयेच्या त्या मांडणीत पाऊस, पीक, राजा सगळ्याचं भाकीत होतं. सिनियरची तक्रार एवढीच, की त्यात एसटीच्या वेतन कराराचं एक मडकं का ठेवत नाहीत.

सिनियरची एक भाची विमानात आहे. एका खासगी कंपनीत, तिथंही आता सिनियरच. गेल्या लग्नसराईत ती संभाजीनगरपर्यंत उडत आली आणि तिथून देऊळगावराजामार्गे चिखलीला मामाच्या गाडीनं. दोन सिनियर एका सीटवर बसले, मी मागच्या.

“तुयाकडे पॅसेंजर किती?”

“एकशे ऐंशी, मामा. आम्ही चौघी. पन्नास सीटमागे एक असा नियमच आहे.”

त्यानं मशीनकडे न पाहता भागाकार केला. “म्हंजे एकीले पंचेचाळीस. माह्याकडे चव्वेचाळीस. सारखंच झालं. उभे असलेले मी मोजतच नाही.”

मग तिनं सांगितलं, की दारात उभं राहून हसावं लागतं. सिनियरला वाटलं उतरताना, माणसं गेल्याच्या आनंदात. “चढतानाही?” त्याला पटेना. “अन् त्याचा भत्ता?” भत्ता नाही म्हटल्यावर त्यानं युनियनविषयी विचारलं आणि तिच्या उत्तरावर बराच वेळ मान हलवत राहिला. मुक्कामाला त्यांच्यात लेओव्हर म्हणतात, हॉटेलात खोली देतात, हे ऐकून तो म्हणाला, “खोली देतात, पन गावात कोनी ओयखते का?” ती म्हणाली, “नाही.” “मंग कायचा मुक्काम?”

पाय दोघांचे दुखत होते. तिनं पिंडरी दाबून दाखवली, त्यानं पँट वर करून फुगलेल्या शिरा दाखवल्या. या एका विषयावर मात्र कुणी बढाई मारली नाही.

जुन्या गोष्टी निघाल्या. एअर इंडियात पूर्वी हवाई सुंदरीला पस्तिशीला घरी पाठवायचे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तरी घरी, आणि पहिलं बाळंतपण आलं तरी घरी. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं बाळंतपणाचं ते कलम रद्द केलं, असं भाचीनं सांगितलं. सिनियर चकित झाला. “लेकरू झालं म्हनून घरी? आमच्या डेपोत चार-चार लेकरं झालेले गडी डबल ड्युटी मांगतात, घरी जा लागू नये म्हनून.”

शेवटी घराण्याचा विषय निघालाच. सिनियरला वंशावळ पाठ आहे. १ जून १९४८, नगर ते पुणे, पहिली एसटी, ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. तेव्हा बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि ती गाडी मुंबई राज्याची होती, पण घराण्यात एवढं बघायचं नसतं. भाचीनं टाटांचं नाव काढलं. १९३२ च्या ऑक्टोबरात जेआरडींनी कराचीहून मुंबईला आणलेलं ते पहिलं विमान. “त्यात पॅसेंजर किती होते?” सिनियरनं विचारलं. नव्हते, टपाल होतं. “अन् कंडक्टर?” तोही नव्हता. एवढं कबूल करून घेतल्यावर त्यानं भाचीला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

यंदा पावसाळ्यात बुलढाणा-मलकापूर गाडीत एक एमबीएचं पोरगं हातात फॉर्म घेऊन चढलं. प्रोजेक्टचा विषय होता ‘ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान’. प्रश्न २५, उत्तरं पाच ठरलेली: पूर्ण समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, पूर्ण असमाधानी. खूण करायची. सिनियरनं आधी त्याचं मोताळ्याचं तिकीट फाडलं, मग म्हणाला, इचार.

“कामाच्या ठिकाणचं वातावरण?”

राजूर घाट सुरू झाला होता, डोंगर हिरवागार, खाली ढग. “गाडीतलं का खिडकीबाहेरचं?”

“वरिष्ठांशी संबंध?”

“वरिष्ठ म्हंजे मीच. सकाळी माहं माह्याशी थोडं भांडन होते, दुपारून बरं राह्यते.”

“कामाचा ताण घरी नेता का?”

“नाही. घरचाच इकडं आनतो.”

“कामात निर्णय घेण्याचं स्वातंत्र्य कितपत आहे?”

तेवढ्यात उतारावर, थांबा नाही अशा ठिकाणी, एक बाई कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन उभी दिसली. तिनं हातही केला नव्हता. सिनियरनं दोरी ओढली, एक बेल. गाडी थांबली, त्यानं गाठोडं वर घेतलं, पोराला एका कॉलेजवाल्याच्या मांडीवर ठेवलं, बाईला खिडकीची जागा करून दिली आणि दोन बेल मारल्या. मग एमबीएच्या पोराकडे वळून म्हणाला, “स्वातंत्र्य बिलकुल नाही. लिही, पूर्ण असमाधानी.”

पंधराव्या प्रश्नापर्यंत सगळ्या खुणा एकाच रकान्यात गेल्या. पोरगं काकुळतीला आलं. “काका, एकतरी समाधानी लिहू द्या. नाहीतर सर म्हणतील मीच घरी बसून भरला.” सिनियरनं त्याला जवळ बसवून समजावलं. कामगार समाधानी असल्याचं कागदावर आलं की करार होत नाही. महामंडळ तोच कागद पुढं करतं. आजवर जो काही महागाई भत्ता मिळाला तो असमाधानावर मिळाला. मनात काय असायचं ते असू द्यावं, सही करताना असमाधानीच असावं. हे तत्त्व मला आजवर ऐकलेल्या बऱ्याच व्यवस्थापनशास्त्रापेक्षा नेटकं वाटलं.

संपाचा प्रश्न आला तेव्हा मात्र तो पटकन बोलला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. विलीनीकरणाची मागणी, आझाद मैदान, घरी पगार नाही. कुणी भाजी विकली, कुणी मजुरीला गेलं. सिनियर सांगतो ते घरचं. पहाटे साडेचारला जाग यायची, खाकी घालायची नाही म्हणून काय घालावं कळायचं नाही. जेवायला बसताना पोरं-सुना रांगेत आहेत का पाहायचा, मागं सरका म्हणायचा, नातवाला पाणी देताना सुट्टे मागायचा. “सरकारनं बोलावलं त्याच्या आधी बायकोनं धाडून देलं असतं.” एवढं बोलून त्यानं पेन दांड्यावर वाजवलं.

५८ पूर्ण व्हायला त्याला थोडेच महिने राहिले आहेत. पुढे ईपीएस ९५ ची पेन्शन. ती वाढवून मिळावी म्हणून निवृत्तांचं साखळी उपोषण बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं. किमान पेन्शन १००० रुपये, मागणी ७५०० ची. त्या मंडपात याचे जुने सोबती बसत आले आहेत. ‘निवृत्तीनंतरच्या तरतुदीबाबत’ या प्रश्नावर त्यानं पोराच्या हातातून पेन घेतलं आणि खूण स्वतः केली. कागद जरा फाटला.

“शेवटचा, काका. नोकरी सोडण्याचा विचार कधी आला का?”

“रोज येते.”

“मग?”

“रोज ड्युटी राह्यते न बाप्पा. सोडाले सवड कुठं हाये?”

पोरानं हे उत्तर कुठल्या रकान्यात बसवायचं म्हणून फॉर्म उलटासुलटा केला. बाहेर पाहिलं तर मोताळा मागे पडला होता.

“उतरायचं होतं मला!”

“मले मालूम हाये,” सिनियर मशीनची बटणं दाबत म्हणाला. “तू लिहून राह्यला होता, म्हनून बोललो नाही. पुढच्या थांब्याचं वाढीव तिकीट घे. सुट्टे हायेत न?”